ॲलिसची फुली आणि माझा अंगठा

घर सोडलं त्या दिवशी विमानतळाच्या आधी आम्ही वाईच्या रजिस्ट्रार कचेरीत थांबलो होतो. गाडीच्या टपावर दोन बॅगा दोरीनं बांधलेल्या, मांडीवर लोणच्याची बरणी, हातात इंग्लंडसाठी घेतलेला लोकरी स्वेटर आणि बाहेर मे महिन्याचं ऊन. दादा म्हणाला होता, "वाटेतच आहे, दहा मिनिटांचं काम." वडील जाऊन वर्ष झालं होतं. ओढ्याकाठच्या हळदीच्या रानावर वारस म्हणून आईचं, दादाचं आणि माझं अशी तीन नावं लागली होती. त्यातलं माझं काढायचं होतं. दहा मिनिटांच्या कामाला अडीच तास लागले, कारण साहेब जेवायला गेले होते. आई बाकावर माझ्या शेजारी बसून पदरानं वारा घेत होती. ती एवढंच म्हणाली, "सही करून टाक गं. हक्क सोडला की माहेर राहतं."

मी सही केली. कारकुनानं अंगठ्याला शाई फासून ठसाही घेतला. ती शाई कचेरीतल्या नळाखाली गेली नाही, विमानातल्या साबणानंही गेली नाही. हीथ्रोला इमिग्रेशनच्या रांगेत मी पासपोर्ट असा धरला होता की अंगठा दिसू नये. कुणाला काय पडली होती? पण मी आपली चोरी केल्यासारखी उभी.

पुढे साउथहॅम्प्टनला यांची हॉस्पिटलची नोकरी, माझी पॅथॉलॉजी लॅबमधली, ईशाचा जन्म, मॉर्गेज, पावसात वाळत न घालता येणारे कपडे, या सगळ्यात तो कागद मी पार विसरून गेले. माहेर मात्र राहिलं. दर दोन-तीन वर्षांनी जायचं, वहिनीनं साडी नेसवायची, ओटी भरायची, दादानं हळदीची पिशवी द्यायची. ती पिशवी इकडच्या कस्टम्सवाल्यांनी दोनदा फोडून बघितली आहे.

तो कागद मला आठवला एका अमेरिकन बाईंमुळे. ईशानं ल्यूकशी लग्न केलं. ल्यूक बॉस्टनजवळचा. त्याच्या आजी, रूथ, लग्नाला व्हीलचेअरमधून आल्या होत्या. त्यांनी माझा हात धरून ठेवला आणि विचारलं, "तुम्ही साउथहॅम्प्टनला राहता? आमचे लोक तिथूनच जहाजात बसले." त्यांच्या घराण्यातला अमेरिकेत गेलेला पहिला माणूस थॉमस बेंडल. पावणेचारशे वर्षं होत आली. त्याच्या खालचं सगळं झाड रूथनी चाळीस वर्षं खपून भरलेलं, प्रत्येक फांदी, प्रत्येक मूल. थॉमसच्या वर मात्र कोरा कागद. तो हॅम्पशायरचा, एवढं माहीत. पण कुठल्या गावचा, ते कुणालाच माहीत नाही. "मला जाण्याआधी त्या गावाचं नाव हवंय," त्या म्हणाल्या. मी नुकतीच रिटायर झाले होते, अंगावर पैठणी होती, मुलीचं लग्न लागलं होतं. मी म्हणाले, त्यात काय एवढं, मी शोधते.

या "त्यात काय एवढं"नं माझं सव्वा वर्ष खाल्लं.

विंचेस्टरला ट्रेननं वीस मिनिटं. तिथल्या हॅम्पशायरच्या दप्तरखान्यात पेन न्यायचं नाही, फक्त पेन्सिल. डबा, कोट, पर्स लॉकरमध्ये. कागद उशीवर ठेवायचा, वर मण्यांची माळ ठेवून पान दाबायचं, आणि मग ते अक्षर! इंग्रजीच असतं, पण आमच्या आजोबांच्या मोडीतल्या कागदांसारखं. नुसते आकडे आणि वेलांट्या. पहिल्या महिन्यात मला दिवसाला चार ओळी लागत. यांना मजा वाटायची. "चारशे वर्षांपूर्वीच्या माणसाचा पत्ता शोधतेस," हे म्हणायचे, "आणि माझा चष्मा कुठाय ते सांगता येत नाही तुला."

माझ्या हातात होतं काय? थॉमसचं अमेरिकेतलं मृत्युपत्र, त्याची नक्कल रूथनी पाठवलेली. त्यात बायकोचं नाव ॲलिस, तीन मुलगे, दोन गाई, एक लोखंडी भांडं. जन्मगावाबद्दल अवाक्षर नाही. मला राग यायचा त्या माणसाचा. अरे बाबा, भांडं लिहिलंस, मग गावाचं नाव लिहायला काय झालं होतं? पण मलाही इथे कुणी गाव विचारलं की मी "नियर मुंबई" म्हणून मोकळी होते. बत्तीस वर्षं तेच सांगतेय. माझं मृत्युपत्र वाचून कुणाला वाई सापडणार नाही.

सहा महिन्यांनी सापडला. थॉमस बेंडल, बापाच्या मृत्युपत्रात धाकटा मुलगा, वय जुळतं, थोडी जमीन, आणि नंतर त्या गावच्या जमिनीच्या कागदांत त्याचं नाव बंद. लग्नाची नोंदही मिळाली, बायको मार्जरी. मी सगळं व्यवस्थित टाइप करून, नकाशावर गावाला लाल गोल करून रूथना पाठवलं. दुसऱ्याच दिवशी ईशाचा लीड्सहून फोन. "आई, रूथने तो मॅप फ्रेम केला! सगळ्यांना दाखवते ती. शी क्राइड, आई." मी पण रडले. मग श्रीखंड केलं.

पंधरा दिवसांनी दप्तरखान्यातल्या हेलनला मी ते टाइप केलेलं पान कौतुकानं दाखवलं. हेलन तिथली आर्किव्हिस्ट, माझ्याच वयाची, फार बोलत नाही. तिनं दोनदा वाचलं आणि विचारलं, "मृणाल, इथे मार्जरी आणि तिकडे ॲलिस. या एकच कशा?"

"लग्नात बदललं असेल ना नाव," मी म्हणाले.

"आडनाव?"

"नाही, नाव."

ती माझ्याकडे बघतच राहिली. तेव्हा कुठे मला माझी चूक दिसली. मी कुमुद होते. लग्नात ताटातल्या तांदळांवर यांनी अंगठीनं मृणाल लिहिलं, नाव सासूबाईंनी ठरवलेलं, आणि संध्याकाळपासून सगळे मला मृणाल म्हणायला लागले. माझी आईसुद्धा. माझ्या आईचं झालं होतं, वहिनीचं झालं होतं. मार्जरीची ॲलिस झाली असेल, हे मला इतकं साहजिक वाटलं होतं की त्याला पुरावा लागतो हेही सुचलं नाही. हेलन हळूच म्हणाली, "इथे असं करत नाहीत. कधीच करत नव्हते." मग आम्ही दोघींनी त्याच गावचं दफनाचं रजिस्टर काढलं. तर हा थॉमस बेंडल आपल्या मार्जरीसकट त्याच गावात मेलेला, म्हातारा होऊन. बोटीत कधी पायच ठेवला नव्हता बापड्यानं.

सहा महिने पाण्यात. वर रूथच्या भिंतीवर चुकीचं गाव फ्रेममध्ये. ईशा म्हणाली, "आपण नको सांगूया. शी इज नाइंटी-वन." मोह झाला, खोटं कशाला बोलू? एका म्हातारीला एक गाव हवं होतं, तिला मिळालं होतं. कुणाचं काय बिघडत होतं? पण ज्या बाईनं चाळीस वर्षं एकेक मूल तपासून लिहिलं तिच्या झाडाच्या शेंड्यावर मी थाप चिकटवायची, हे काही मला जमेना. मी फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "मी एक्याण्णव वर्षांची आहे, डियर. जरा घाई करा."

त्यानंतरचे महिने मी कसे काढले ते यांना विचारा. मी चिडचिडी झाले होते. भाजी करपायची. अख्ख्या परगण्यात बेंडल काय कमी आहेत? अर्ध्यांचं नाव थॉमस. पानं उंदरांनी खाल्लेली, ओल लागलेली, नेमकं हवं तेच वर्ष गहाळ. घरी येऊन वाटायचं, सोडून द्यावं. आणि लगेच वाटायचं, बाई तिथे वाट बघत बसली आहे.

शेवटी मिळालं ते काखेत कळसा आणि गावाला वळसा अशा तऱ्हेनं. एका जमीनदार घराण्याच्या कागदांचं बंडल मी दुसऱ्याच महिन्यात मागवून परत केलं होतं, कारण यादीत नुसतं पुढे कधीतरी ती जमीन घेणाऱ्या त्या घराण्याचंच नाव होतं. हेलननं ते पुन्हा काढायला लावलं. तिसरा कागद. न्यू इंग्लंडात, म्हणजे बॉस्टनकडच्या वसाहतीत राहणारा थॉमस बेंडल वडिलांकडून आलेलं घर आणि त्यामागचं शेत भावाला विकतोय. गावाचं नाव स्वच्छ लिहिलेलं. आणि खाली आणखी दोन ओळी: थॉमसची बायको ॲलिस या जमिनीवरचा आपला हक्क राजीखुशीनं सोडत आहे. हेलननं समजावलं, त्या काळी नवरा गेला की त्याच्या जमिनीचा तिसरा हिस्सा बायकोकडे हयातभर असायचा. म्हणून विकताना तिच्याकडून तो सोडवून घ्यायचे. ॲलिसला लिहिता येत नव्हतं. तिनं फुली मारली होती, एक रेघ लांब, एक आखूड, शाई जरा पसरलेली.

आता उड्या मारायला हव्या होत्या की नाही? मला संताप आला. ज्या शेतात तिनं कदाचित पाऊलही टाकलं नव्हतं, त्याच्यावरचा हक्क समुद्रापलीकडून सोडून दिला, आणि ती सोडून देते म्हणूनच आम्हाला सापडली. ॲलिस नसती तर हा पण आणखी एक थॉमसच राहिला असता. "हे नेहमीचंच आहे," हेलन म्हणाली. "जमिनीच्या कागदात बायका येतात त्या बऱ्याचदा अशाच. बाहेर पडताना." मी पेन्सिल खाली ठेवली आणि माझा अंगठा बघितला. स्वच्छ होता.

रूथना गावाचं नाव सांगितलं. त्यांनी स्पेलिंग विचारलं, एकेक अक्षर परत म्हणून दाखवलं, मग पूर्ण नाव तीनदा म्हटलं. त्यांना येणं शक्य नव्हतं, म्हणून मीच जाऊन आले. एक चर्च, घोड्यांचं कुरण, बायपासचा आवाज. गावाच्या पाटीचा फोटो पाठवला. ईशा सांगत होती, आता तो फ्रेममध्ये आहे, नकाशाच्या जागी.

त्याच आठवड्यात मी दादाला फोन केला. म्हटलं, "दादा, माझ्या हक्कसोडीच्या कागदाचा फोटो पाठव ना. आणि त्या वेळच्या सातबाऱ्याचा."

तो म्हणाला, "कशाला? आता वाटणी मागायचीय का?"

"नाही रे. नुसता बघायचाय."

"नुसता कुणी बघतं का?"

वहिनीनं फोन घेतला. "वन्सं, माहेर आहेच की तुमचं. काही कमी केलंय का आम्ही? कागद कशाला हवा?" तिचा आवाज खरंच दुखावलेला होता. मी कसं सांगणार होते तिला? ॲलिस, रूथ, फुली? रानाचं एक ढेकूळसुद्धा मला नको आहे. मला फक्त बघायचं होतं की मी तिथे होते असं कुठे लिहिलंय का. पण हे सख्ख्या भावाला पटेना. दोन महिने आज देतो, उद्या देतो. साहेबाच्या देशात कुण्या परक्याचा पावणेचारशे वर्षांपूर्वीचा कागद वीस मिनिटांत टेबलावर येतो. माझा स्वतःचा कागद मागितला तर मी हावरट ठरले. तुम्ही जे मागे राहिलात ना, तुम्हाला वाटतं आम्ही येतो ते मागायलाच येतो. आणि आम्ही जे गेलो, आम्हालाही नीट मागता येत नाही. मी फोनवर ओरडले त्याला. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा.

परवा फोटो आले, दोन, थोडे तिरके. सातबाऱ्यावर तलाठी नाव खोडत नाहीत, त्याला कंस करतात. आईचं नाव, दादाचं नाव, आणि खाली कंसात मी, मृणाल. कुमुद त्या रानाच्या सातबाऱ्यावर कधी लागलीच नव्हती. ज्या बांधावर ती कुमुद म्हणून खेळली, तिथे वडिलांच्या मागे नाव लागलं ते सासरचं, आणि वर्षभरात तेही कंसात गेलं. दुसरा फोटो हक्कसोडीचा. "मृणाल, माहेरचे नाव कुमुद, राजीखुशीने." खाली माझी घाईतली सही आणि ठसा. रेषा इतक्या ठळक आल्या आहेत की फोन मोठा करून मी अंगठा त्याच्या शेजारी धरून बघितला. खाली दादाचा मेसेज, "मिळालं ना? आता झालं समाधान?" मी "हो" लिहिलं. समाधान कसलं, डोकं दुखत होतं. पण तो स्कूटरवरून तालुक्याला गेल्याशिवाय ही नक्कल मिळाली नसणार, हेही मला माहीत होतं.

दोन्ही फोटो छापून ईशाच्या फाइलमध्ये ठेवलेत. वर मराठीत लिहिलं, तिला वाचता येणार नाही म्हणून मग इंग्रजीतही. उद्या तिच्या मुलांच्या मुलांपैकी कुणाला रूथसारखी हुक्की आली, आपली बाई कुठल्या गावची ते शोधायची, तर त्यांनी वाईला जावं. रानाच्या मालकांत मला शोधू नये, मी तिथे नाही. हक्क सोडणाऱ्यांत बघावं. तिथे माझी दोन्ही नावं आहेत आणि अंगठा आहे.