न हललेला आकडा

चुआनकाकांचा फोन आला तेव्हा लिएन-यिंगच्या तोंडात नूडल्सचा पहिला घास होता.

“यिंग, तुझं यंत्र आज अगदी गुणी बाळासारखं वागतंय हं! काकूचा गुडघा दाखवायला शहरात आलोय, पण माशांचं तळं मोबाइलवर दिसतंय. सकाळपासून ऑक्सिजन सहा पॉइंट दोन. तसूभर हलला नाही!”

“तसूभरही नाही?”

“नाही गं. आणि घरी झाडावरचे जाम काढून ठेवलेत, घेऊन जा.”

तळ्यातला ऑक्सिजन कधी जागच्या जागी बसतो होय? ऊन तापलं की चढतो, ढग आले की उतरतो. आणि आज तर सकाळपासून आभाळ काळंकुट्ट, वारा पडलेला. “काका, निघा तिथून,” एवढंच ती बोलली आणि वाडगा तसाच टाकून स्कूटरवर बसली.

चोपन्न वर्षांची बाई. बावीस वर्षं काओश्युंग शहरातल्या कारखान्यात सर्किट बोर्ड तपासले, कारखाना बंद पडला तशी गावी परतली. गाव हसलं. “मासे काय वायरी खातात?” म्हणालं. आज त्याच गावातल्या अकरा तळ्यांवर तिच्या पेट्या आहेत. पाण्यातला सेन्सर ऑक्सिजन मोजतो, बारीक वायरीवरून एकेक अक्षर करून आकडा पेटीतल्या बोर्डाला कळवतो. आकडा चारच्या खाली गेला की बोर्ड पाणी घुसळणारी चाकं सुरू करतो. पण बोर्डालाच सहा पॉइंट दोन दिसत असेल तर?

काकांच्या तळ्यावर पोचली तर चाकं बंदच होती. आणि हेकरू! चार वर्षं वाढवलेले, कडेवर घ्यावेत एवढाले मासे पाण्यावर तोंडं उघडून आ करत होते. धावत जाऊन तिनं चाकांचा हाताचा खटका ओढला. पाणी घुसळायला लागलं. तीन मासे उलटे झाले होते, ते काही सुलटे झाले नाहीत.

“रडायचं नंतर,” ती स्वतःवरच खेकसली आणि लॅपटॉप उघडला.

आधी स्वतःची वायर तपासायची, ही कारखान्यातली सवय. पाठवायचं टोक नि ऐकायचं टोक एकमेकांना जोडून तिनं एक अक्षर दाबलं. तेच परत आलं. म्हणजे वायर ठीक. मग सेन्सरपाशी जाऊन जोडली, तर पडद्यावर स्वच्छ आकडे: दोन पॉइंट एक, दोन पॉइंट एक. सेन्सर बिचारा सकाळपासून ओरडत होता! पेटीपाशी मात्र नुसता कचरा, एक अक्षर धड नाही. अक्षरं पाठवण्याचा वेग जुळत होता, पाठवायची नि ऐकायची दोन्ही वायरी जागेवर होत्या. उरली तिसरी, दोघांना एका पातळीवर धरणारी जमिनीची, म्हणजे ग्राउंडची वायर. तिला बोट लावलं तर ती हातातच आली. खाऱ्या हवेनं स्क्रूचा हिरवा भुगा केला होता.

नवा स्क्रू बसवला आणि पडद्यावर तीन पॉइंट चार उमटलं. तेव्हा तिला खरी भीती वाटली. वायर तुटली हे खरं, पण बोर्ड खोटं का बोलला?

कारण तिनंच शिकवलं होतं. हिवाळ्यात मधूनच निरोप चुकायचा, मोबाइलवर आकड्याऐवजी नुसत्या रेघा यायच्या आणि काका दहादा फोन करायचे. “रेघा म्हणजे अपशकुन, काढ त्या!” शेवटी वैतागून तिनं एक ओळ लिहिली: निरोप आला नाही तर मागचाच आकडा धर नि तोच दाखव. फोन थांबले. केवढं बरं वाटलं होतं तिला!

काका आले ते धापा टाकतच. तळ्याकडे पाहिलं, उलट्या माशांकडे पाहिलं, मग तिचे दोन्ही हात धरले. “पोरी, तू होतीस म्हणून वाचलो.”

“नाही काका. मी होते म्हणून हे तीन मासे मेले.” आणि तिनं सगळं सांगून टाकलं, एका दमात, मान खाली घालून.

काकांनी तोंडातला विडा थुंकला.

“रेघा नकोत असं मीच म्हणालो होतो.”

“म्हणालात तुम्ही. लिहिलं मी.”

“बरं, लिहिलंस. आमच्याच पेटीत ना?”

भीतीनं यिंगला इतका वेळ हे एकच तळं दिसत होतं. ती ओळ तिनं त्याच आठवड्यात अकराही पेट्यांत घातली होती. स्क्रूही सगळीकडे एकाच डब्यातले.

तिनं लगेच फोन काढला. पहिला नंबर बंधाऱ्यापलीकडच्या वेन-थाईचा. तो हसतच बोलला.

“यिंगताई, काळजी कसली करतेस? झोपायलाच निघालो होतो. सकाळपासून पाच पॉइंट नऊ. जरासुद्धा हलला नाही बघ.”