ईघझ

मित्राची आई गेल्याचं कळलं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून मी लगेच संदेश लिहिला. सगळे लिहितात तेच, 'आरआयपी', इंग्रजीत. बटणांवरून नजर उचलली तर पडद्यावर 'ईघझ'!

सकाळच्या अर्जानंतर कीबोर्ड मराठीवरच राहिला होता. इंग्रजीत गेलो होतो तो मी.

शाळेत असताना काकूंनी कितीदा मला जेवायला बसवलं. "लाजतोस काय रे? घे अजून भात," म्हणायच्या. आणि त्या गेल्यावर माझ्याकडे त्यांच्यासाठी तीन अक्षरं? तीही न बघता दाबलेली? कीबोर्डची भाषा बदलली की कोपऱ्यात दिसते तरी. माझी कधी बदलली, कुणी सांगायचं?

ईघझ पुसलं. मराठीत लिहायला बसलो. एक शब्द सुचेना.

शेवटी कॉम्प्युटर बंद केला आणि मित्राच्या घरी निघालो.