नव्या गोळीचं नवरात्र

लेकरू हवं असेल तर आधी जुनी गोळी बंद, असं नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं. माझ्या हृदयाचे ठोके मध्येच बेताल पळत सुटतात. जुन्या गोळीने ते आवरायचे, पण ती पोटातल्या बाळाला बाधणारी. नव्या गोळीवर ठोके टिकले तरच पुढचं बोलू, म्हणाले. नवरा नोकरीला पुण्यात, म्हणून सोबत सासूबाई होत्या. त्यांनी सगळं दोनदा विचारून नीट समजून घेतलं. वसमतला परतल्यावर रोज चहाच्या बशीत गोळी ठेवायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. मला कुणी कुक्कुल्या बाळासारखं वागवलं की डोकं फिरतं, पण हे मात्र आवडायला लागलं होतं.

नवरात्रात गल्लीतल्या देवीच्या आरतीला गेलो. संबळ वाजत होता, धुपाचा धूर कोंडला होता. अचानक छातीत पळापळ सुरू झाली. घाम फुटला, हातपाय थरथरले आणि मी मटकन खाली बसले.

"आलं! अंगात आलं!" कुणीतरी ओरडलं.

कुणी माझे केस मोकळे सोडले, कुणी मळवट भरला. बायका पाया पडायला रांगेत उभ्या राहिल्या. एरवी मी हसून लोळले असते. तेव्हा मरणाची भीती वाटत होती. जीव एकवटून "पाणी" म्हणाले. तांब्याभर पाणी आलं आणि माझ्या पायांवर ओतलं गेलं.

मग गर्दीतून सासूबाई पुढे आल्या. हुश्श वाटलं. यांना सगळं माहीत आहे, आता या ऑटो बोलावतील. त्यांनी वाकून माझे पाय धरले.

"आई, आमच्या घरात लेकरू येईल नं?"

माझी मान आधीपासूनच थरथरत होती. "व्हय म्हणली!" असा एकच गलका झाला. थोड्या वेळाने ठोके आपले आपणच जाग्यावर आले. दर वेळी येतीलच असं नाही, हे डॉक्टरांनी आम्हा दोघींनाही सांगितलं होतं.

सकाळी चहा आला. बशीत चिमूटभर अंगारा होता.

"गोळी?" मी विचारलं.

"साऱ्या घटापुढं ठेवल्या. देवीनं व्हय म्हणलंय, आता काहून लागतेत?" सासूबाई मायेने म्हणाल्या.

छातीत पुन्हा चुळबुळ सुरू झाली. माझा हात तिकडे गेला, तसे त्यांनी हात जोडले.