मी माहेराची आस सोडते

लग्नानंतरच्या पहिल्याच श्रावणाच्या तोंडावर मी माहेराची आस कायमची सोडली आणि तसं पोस्टकार्डाने घरी कळवलं.

अठ्ठावन्न-एकोणसाठची गोष्ट. माहेर बेळगाव, सासर बंगळूर. सासरची मंडळी तीनशे वर्षांपूर्वी इकडे येऊन रुळलेली. मला मात्र तीन महिने निभेनात! भाकरी थापताना रडू, केर काढताना रडू. शेवटी सासूबाई (त्यांना सगळे अक्का म्हणत) मला बंगळुरातल्याच शिवाजीनगरजवळ एका भिक्खूंच्या प्रवचनाला घेऊन गेल्या. भिक्खू कानडीत सांगत होते, दुःखाचं मूळ तृष्णा. आस सोडा. श्वासाकडे लक्ष द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेगडीपुढे बसून श्वासाकडे असं काही लक्ष दिलं, की दूध उतू जाऊन निखारे विझले.

"अगं सुमन, श्वास कुठं पळून जातोय? स्वल्प दुधाकडे बघ की!" अक्का ओरडल्या.

दुधाचं काय घेऊन बसलात! पंचमीला दादा मुराळी होऊन मला न्यायला येणार होता. त्याची वाट बघणं हीच तर तृष्णा! मी लिहून टाकलं, 'मी माहेराची आस सोडली आहे. मुराळी पाठवू नये.' (हे वाचून आई रडेल आणि दादाला पहिल्या गाडीनं पिटाळेल, याची मला खात्री होती. पण ते काही मी भिक्खूंना सांगितलं नाही.)

आठ दिवसांनी दादाचं उत्तर आलं. 'तुझं पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं. आई म्हणाली, पोरीला जमलं ते मला का जमू नये? तिनंही लेकीची आस सोडली. मुराळी येणार नाही. सुखी राहा.'

झालं! मी अंगणात बसून असा गळा काढला, की शेजारीण धावत आली.

"कोण गेलं हो?"

"कुणी नाही," अक्का म्हणाल्या. "हिची तृष्णा गेली. तिच्यासाठी रडतेय."

"मला आईकडे जायचंय हो अक्का! आत्ताच्या आत्ता!"

"सरी, ठीक आहे," म्हणत अक्कांनी ह्यांना हाक मारली. "हिला बेळगावला पोचवून ये. नवरा मुराळी झाला म्हणून आभाळ कोसळत नाही."

दारात मला बघताच आईचा बांध फुटला. "मेले, मला वाटलं, माझं उत्तर वाचून तू धावत येशील! किती दिवस लावलेस!" मागून दादा म्हणाला, "आई, तृष्णा!" आणि त्याला सणसणीत धपाटा बसला.

आठ दिवस आईच्या कुशीत सुखात गेले. नवव्या दिवशी जेवता जेवता माझे डोळे भरून आले.

"आता काय झालं?" आईनं विचारलं.

"अक्कांची आठवण येतेय."

आईनं कपाळावर हात मारला. एक तृष्णा सोडायला निघालेली मी दोन घेऊन बसले होते! आज आई नाही, अक्काही नाहीत. तृष्णा मात्र दोन्ही ठणठणीत आहेत.