पायरीखालचा कान

नाईलकाठच्या मेरोए नगरीच्या कुंभारवाड्यात तामेयेइतकी चौकस बाई दुसरी नव्हती. परगावच्या व्यापाऱ्याच्या गाढवावर काय लादलंय ते ती विचारायची, आणि उत्तर पटलं नाही तर सरळ गोणीत हात घालायची. “तुझं नाक एक दिवस भट्टीत भाजून निघेल,” असं तिची जाऊ मलेये म्हणायची.

तामेयेची एकुलती लेक नेसिये उत्तरेकडच्या नापाटा गावात दिली होती. आमच्या कंदाकेनं, एका डोळ्याच्या त्या राणीनं, उत्तरेला स्वारी करून रोमन बादशहाचे पुतळे पाडले आणि एकाचं मुंडकं तोडून आणलं. त्याचा सूड म्हणून रोमन फौजेनं नापाटा जाळलं आणि माणसं बांधून नेली. नेसिये त्यांत होती, एवढंच कळलं. मेली म्हणून कळलं असतं तर तामेये रडून मोकळी तरी झाली असती. कुठे आहे हेच ठाऊक नव्हतं, आणि ते तिला आतून कुरतडत होतं.

ते मुंडकं देवळाच्या पायरीखाली पुरायचं ठरलं, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्यानं ते तुडवावं. खड्ड्यात चाळलेली वाळू पसरायची आणि शत्रूच्या कानांत चिखल ठासायचा, हे काम कुंभारांचं. कान उघडे राहिले तर वर बोललेलं त्याला ऐकू जातं. तामेयेनं हे काम मागून घेतलं. हा मेला दिसतो तरी कसा, हे तिला बघायचं होतं.

तिला वाटलं होतं, राक्षस असेल. निघाला कोवळा पोरगा. नीट कापलेले केस, कान जरासे पुढे आलेले, आणि काचेचे डोळे टक्क उघडे. नेसियेच्याच वयाचा दिसत होता. तामेयेला थुंकायचं होतं, पण तोंडच कोरडं पडलं.

“बाबा, याला आई असेल का हो?” तिनं पुजाऱ्याला विचारलं.

“असेल नाहीतर नसेल. तुला काय करायचंय? चिखल भर.”

तिनं डावा कान भरला. पुजारी पाणी प्यायला वळला, तेव्हा उजव्या कानाचा गोळा तिनं मुठीतच दाबून धरला आणि वर वाळू लोटली. कळलं असतं तर देवळाची पायरी तिला जन्माची बंद झाली असती.

वर पायरी बसवली. माणसं टाचा आपटत वर चढू लागली, पोरं तर उड्याच मारत. तामेयेही रोज यायची, दोन्ही पाय रोवून उभी राहायची आणि काहीतरी पुटपुटायची. मागची माणसं खोळंबून कुरकुर करायची.

“शिव्या देतेस होय गं?” मलेयेनं एकदा विचारलं.

“छे. नेसिये कुठंय म्हणून विचारते.”

“त्याला काय कपाळ ऐकू येणार? कान बुजवलेत ना?”

तामेयेनं नजर पायरीकडे वळवली. मलेये तिला काही आजची ओळखत नव्हती. तिनं मागेपुढे बघितलं आणि आवाज खाली आणला.

“कुठला राहिला?”

“उजवा.”

मलेये पायरीच्या उजव्या टोकाला सरकली.

“बाजूला हो जरा. माझा भाऊ पण नापाटातच होता.”