मागच्या रांगेतलं प्लास्टिक

समोरच्या इमारतीतले कुलकर्णी काका अर्धा लिटर दूध आणायला सात सीटची गाडी काढतात. रोज! गल्ली अडते आणि धूर आमच्या खिडकीत येतो. आज मी मोठ्या गाड्यांविरुद्ध लिहिलेलं माझं पत्रक घेऊन त्यांच्या गाडीला आडवीच उभी राहिले.

“काका, एकट्या माणसाला एवढं धूड कशाला? छोटी इलेक्ट्रिक घ्या. घरच्या प्लगवर चार्ज होते, कुठेही वळते, धूर नाही.”

“घेतली असती गं. पण पोरं, नातवंडं आली की मावायची कुठे?”

मी आत डोकावले. मागच्या रांगेवरचं शोरूमचं प्लास्टिक अजून निघालेलं नव्हतं.

न आलेल्या माणसांसाठी जागा धरून अशा किती गाड्या रस्त्यावर फिरत असतील! पत्रकात मी याला माज म्हटलं होतं. रोजच्या कामाला छोटी गाडी पुरते, हे काकांनाही कळतं. पण ती घ्यायची म्हणजे आता कोणी येणार नाही, हे कबूल करायचं.

“चल, चौकात सोडतो,” त्यांनी दार उघडलं.

असल्या गाडीत पाय ठेवायचा नाही, हा माझा नियम. तरी बसले. चौकात जायला काकांनी लांबचा रस्ता धरला, आणि मी पत्रकाची घडी घालून ते पिशवीत ठेवलं.