स्प्रिंग म्हणजे झरा

ठाण्याच्या इंग्रजी शाळेत मी तिसऱ्या इयत्तेला इंग्रजी शिकवत होतो, तेव्हाची ही हकीकत. मॅट्रिकला दोनदा नापास होऊन मास्तरकीला लागलेला मी माणूस. माझं इंग्रजी मुलांच्या इंग्रजीपेक्षा फार तर चार पावलं पुढे होतं, आणि ती चार पावलं राखतानाच माझा जीव मेटाकुटीला यायचा.

त्या वर्षी इन्स्पेक्टरसाहेबांच्या परीक्षेत आमच्या वर्गाची पार दाणादाण उडाली. पाठ केलेलं तेवढं मुलांना येत होतं. पुस्तकाबाहेरचं वाक्य समोर आलं की ती भिंतीकडे बघत. त्यावर हेडमास्तरांनी उपाय काढला. मे महिन्याच्या सुट्टीत प्रत्येक मुलाने रीडरातले न शिकवलेले धडे स्वतः वाचायचे आणि शेवटच्या धड्याचा सारांश मराठीत लिहून आणायचा.

"आणि अडलं तर?" मी विचारलं.

"तुम्ही आहात ना? सुट्टीत तुम्हाला दुसरं काय काम?"

काम काय, ते सांगून उपयोग नव्हता. वडिलांना पक्षाघात होऊन त्यांची उजवी बाजू गेली होती. बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी, पनवेलला. घरात आम्ही दोघेच. आमच्या आळीतली विहीर चैत्रातच तळाला गेलेली, त्यामुळे तलावापलीकडच्या विहिरीवर जाऊन रांगेत उभं राहायचं, तिथून चार खेपा पाणी आणायचं, वडिलांना अंघोळ घालायची, भात टाकायचा, त्यांना भरवायचं. एवढं होईतो ऊन डोक्यावर आलेलं असे. मग मुलं यायची.

ओटीवर पंधरा-सोळा मुलं आणि मध्ये चार पुस्तकं. प्रत्येकाचा तोच प्रश्न, "मास्तर, याचा अर्थ?" आठवड्याभरातच माझा धीर संपला. एके दिवशी सगळ्यांना समोर बसवलं आणि म्हणालो, "लिहा. मी सांगतो."

धडा एका म्हातारीचा होता. ती डोंगरावर एकटी राहते, मुलगा जहाजावर नोकरीला गेलेला. सुरुवातच अशी की, त्या वर्षी स्प्रिंग उशिरा आला आणि म्हातारी रोज दारात उभी राहून त्याची वाट पाहत होती. मी लिहून दिलं, "त्या वर्षी झऱ्याला पाणी उशिरा आलं."

स्प्रिंग म्हणजे वसंतही होतो, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण वसंताची कोण वाट पाहील? आमच्याकडे वसंत म्हणजे विहिरी आटायचे दिवस. वाट पाहायची ती पाण्याची, आणि ती मी त्याच सकाळी दीड तास पाहून आलो होतो. दोन पानं अशी उरकली, तेवढ्यात आतून वडिलांची हाक आली. "उरलेलं तुमचं तुम्ही जुळवा," असं सांगून मी उठलो. पुढची दोन पानं मी वाचलीच नाहीत.

वर्गातला एकच मुलगा सुट्टीत माझ्याकडे आला नाही. तो कोपरीचा, आगऱ्याचा. त्याचं घरच मिठागरात राबणारं, आणि सुट्टीचे दिवस म्हणजे ऐन मीठ काढायचे दिवस. त्याला येणं जमणार नाही हे दिसत होतं, म्हणून एक पुस्तक मी त्याच्या एकट्याच्या हवाली केलं होतं. फडक्यात गुंडाळून त्याने ते नेलं होतं.

शाळा उघडली. हेडमास्तर वर्गात येऊन सारांश वाचू लागले. ते गणिताचे, धडा त्यांनीही वाचला नसावा. सगळ्यांचा सारांश एकच, फक्त ज्याने त्याने आपापली भर घातलेली. एकाची म्हातारी हंडा-कळशी घेऊन निघाली होती, दुसऱ्याची तर रांगेवरून शेजारणीशी भांडली होती. हेडमास्तर खूश दिसले. मग त्यांच्या हाती कोपरीच्या मुलाचा कागद आला.

"यात पाणीच नाही! याची म्हातारी पालवी फुटायची वाट बघते आहे."

वर्ग हसला.

"बाकीची सगळी चुकली आणि तू एकटा बरोबर होय? पुस्तक उघडलं होतंस का?"

"उघडलं, साहेब."

"हात पुढे कर."

मिठाच्या पाण्याने त्याच्या तळहातांना भेगा पडल्या होत्या. त्यावर चार छड्या बसल्या. मुलगा हेडमास्तरांकडे पाहत नव्हता, माझ्याकडे पाहत होता. तो चुकला असंच मला वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर, वडिलांच्या औषधाची वेळ झाली आहे, शाळा एकदाची सुटावी, एवढंच माझ्या मनात होतं.

शाळा सुटल्यावर तो दारापाशी थांबला होता.

"मास्तर, सगल्या धड्यान पानी कुठंच नाय. मी दोनदा वाचला."

"मग स्प्रिंग म्हणजे काय?"

"ता मना नाय ठावं. पन शेवटाला झारांना पाला फुटतो, पाखरां येतान, न तिचा पोर घरा येतो. ता पान्यान कसा व्हईल?"

मी काहीतरी पुटपुटून घरी आलो. वडिलांना औषध दिलं आणि ओटीवर बसून धडा शेवटपर्यंत वाचला. चौथ्या पानावर सगळं लख्ख लिहिलेलं होतं. त्या मुलखात थंडीने झाडं उघडीबोडकी होतात, जहाजं बंदरात अडकून पडतात; वसंत आला की पोरगा घरी येणार. म्हातारी उगाच नव्हती वाट पाहत.

"काय रे, कुणाचं पत्र आलं?" माझा चेहरा पाहून वडिलांनी अडखळत विचारलं. मी सगळं सांगितलं.

"मग उद्या सांगून टाक."

"हेडमास्तरांना?"

"पोरांना."

दुसऱ्या दिवशी आधी हेडमास्तरांकडेच गेलो. ते म्हणाले, "झालं ते झालं. वर्गात बोलू नका. मास्तरावरचा विश्वास उडाला की मुलं हाताबाहेर जातात." मी मान हलवली, वर्गात आलो आणि सांगितलं. स्प्रिंग म्हणजे इथे वसंत, चूक माझी, धडा मी पुरता वाचला नव्हता, काल छडी खाल्ली त्या मुलाचंच बरोबर होतं.

मग पुढच्या बाकावरून एकाने विचारलं, "म्हणजे परत लिहायचं का, मास्तर?"

"हो."

सगळे कण्हले. मी कोपरीच्या मुलाला त्याचा सारांश वाचायला उभं केलं. खाली मान घालून त्याने तो भराभर वाचला आणि बसला. त्याला बरं वाटलं की नाही, मला कळलं नाही. हेडमास्तर त्याला कधी काही बोलले नाहीत, आणि माझ्याशी महिनाभर कामापुरतंच बोलले.

तो मुलगा चांगला शिकला. पाचवीपर्यंत त्याचं इंग्रजी माझ्याइतकं झालं होतं. मग एक दिवस तो शाळेत आलाच नाही. चार दिवस वाट पाहून मी कोपरीला गेलो. त्याचा बाप बांधावर उभा होता, मुलगा खाली मीठ ओढत होता. मला पाहून तो थांबला, पण वर आला नाही.

"हुशार आहे," मी बापाला म्हणालो. "अजून दोन वर्षं शिकू द्या, मॅट्रिक होईल."

"तुमी सांगता ता खरा, मास्तर. पन यंदा माझी कंबर गेली. मीठ कोन काढील?"

आजारी माणसामागे घर कसं ओढावं लागतं, हे मला कुणी सांगायला नको होतं. शिक्षणाबद्दल चार वाक्यं तयार करून नेली होती, ती तोंडातून निघाली नाहीत. बापाने मला सावलीत बसवून ताक दिलं. मी ते प्यायलो आणि ऊन उतरायच्या आतच परत निघालो.